फेल्सुमा : साखरेच्या बेटांवरची हिरवी पाल



आपली ही मालिका करोल बागेतल्या एका छोट्या खोलीत चित्रित होते. गड, तह, लढाया आणि बखरी यांवर आपण पुष्कळ बोललो. आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील, कारण आज आपण पालीवर बोलणार आहोत.

पाल म्हटली की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे मनात चुकचुकणारी शंकेची पाल. दुसरी म्हणजे पंचांगातले पल्लीपतनाचे पान, कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ ते सांगणारे. त्यापलीकडे आपण तिच्याकडे झाडू घेऊनच बघतो. मग इतिहासाच्या मालिकेत तिचे काय काम?

काम आहे. हिंदी महासागरात फेल्सुमा नावाची पालींची एक प्रजाती आहे. तिच्या जवळजवळ सगळ्या जाती बेटांवर राहतात. इंग्रजांनी आपली माणसे जहाजात भरून ज्या बेटांवर नेली, त्यांतल्या दोन ठिकाणी, मॉरिशसला आणि अंदमानला, ही पाल आपल्या आधीपासून होती. मॉरिशसला आपली माणसे उसासाठी गेली, अंदमानला शिक्षा म्हणून. तिथे त्यांचे काय झाले हे आपण थोडेबहुत वाचतो. त्याच काळात त्या बेटांच्या जमिनीचे, झाडांचे आणि जनावरांचे काय झाले, हे मात्र वाचत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच इतिहासाची ती दोन पाने आहेत. आज ती शेजारी ठेवून वाचू.

ही पाल कोणती?

आधी शब्द नीट करून घेऊ. जीवशास्त्राच्या मराठीत जवळच्या नात्यातल्या जीवांच्या गटाला प्रजाती म्हणतात आणि त्या गटातल्या एकेकाला जाती. फेल्सुमा ही प्रजाती. तिच्यात आज पन्नासच्या आसपास जाती मोजल्या जातात.

आपल्या घरातली पाल रात्री ट्यूबलाइटपाशी येते, रंगाने मातकट असते आणि तिच्या डोळ्यांत मांजरासारखी उभी फट असते. फेल्सुमा याच्या बरोबर उलट. ती दिवसा, लख्ख उन्हात हिंडते. तिची बाहुली गोल असते. रंग बहुधा पोपटी हिरवा, पाठीवर लाल ठिपके, आणि काही जातींत शेपटी चक्क निळी. पापण्या हलत नाहीत, म्हणून जिभेने डोळा चाटून साफ करते. किडे खाते, पण पिकलेल्या फळाचा रस आणि फुलातला मकरंदही तिला आवडतो. ही मकरंदाची आवड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिचे मूळ घर मादागास्कर. सगळ्यात जास्त जाती तिथेच आहेत. तिथून ती कोमोरोसला, सेशेल्सला आणि पूर्वेकडे मॉरिशस, रेयुनियों, रॉड्रिग्ज या बेटांवर पोचली. कशी पोचली? पोहत नक्कीच नाही. वादळात उन्मळलेली झाडे समुद्रात वाहत जातात. या पालीची अंडी कडक कवचाची असतात आणि काही जाती ती झाडाच्या सालीला चिकटवून ठेवतात. असे एखादे झाड आठशे-नऊशे किलोमीटर वाहत गेले आणि त्यावरचे काही जीव जगले, असे लाखो वर्षांत एकदा घडले तरी पुरते. मॉरिशस आणि शेजारची बेटे ज्वालामुखीतून वर आलेली. तिथे वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. उंदीर नाही, मांजर नाही, माकड नाही. मोकळे रान मिळाले आणि आलेल्या पालीच्या वंशातून बेटागणिक नव्या जाती झाल्या.

एकट्या मॉरिशसच्या मुख्य बेटावर चार जाती आहेत. निळ्या शेपटीची सेपेडियाना दमट भागात आणि बागांत दिसते. ऑर्नाटा कोरड्या किनारपट्टीची. गिंबोई पश्चिमेच्या सखल जंगलातली, तिला ढोली असलेली जुनी मोठी झाडे लागतात. रोझाग्युलारिस डोंगरावरच्या जंगलातली. शिवाय उत्तरेच्या राउंड बेटावर गुंथरी ही पाचवी, करड्या रंगाची आणि जवळजवळ फूटभर लांब. मॉरिशस आकाराने आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. तेवढ्यात या पालींनी जागा वाटून घेतल्या होत्या.

रॉड्रिग्ज : जेवणाच्या टेबलावर येणारी पाल

मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे छोटे बेट आहे. १६९१ मध्ये फ्रान्समधून धर्माच्या छळामुळे परागंदा झालेले काही प्रोटेस्टंट तिथे उतरले. त्यांचा म्होरक्या फ्रांस्वा लगा. १६९३ पर्यंत ते तिथे राहिले आणि पुढे लगाने आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले.

त्यात पालींचे वर्णन आहे. ताडाच्या झाडांवर रंगीबेरंगी पाली इतक्या असत की झाड भरून जाई. त्या माणसाला अजिबात भीत नसत. जेवायला बसले की टेबलावर येत, कलिंगडाच्या जातीचे फळ हातातून खात. दुसरी एक करड्या रंगाची, हाताएवढी लांब पाल रात्री फिरत असे. ती दिसायला कुरूप, पण मांस खायला वाईट नाही, असे लगाने नोंदवून ठेवले आहे.

एक पाल माणसाच्या हातातून खाते आणि दुसरीची चव माणूस लिहून ठेवतो, हे दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच बेटावरचे. माणसाची भीती नसणे म्हणजे भोळेपणा नव्हे. लाखो वर्षांत भीती बाळगावी असे कोणी तिथे आलेच नव्हते.

जहाजांबरोबर उंदीर आले, मांजरे आली. ती मोठी करडी पाल, फेल्सुमा गिगास, शास्त्राच्या नोंदीत १८४२ मध्ये आली. लिएनार्ड या अभ्यासकाने रॉड्रिग्जजवळच्या एका बारक्या बेटावरून तिचे वर्णन केले. तोवर मुख्य बेटावरून ती जवळपास गेलीच होती. तिची नामकरणाची नोंद आणि शेवटची नोंद यांत अंतर उरले नाही. रंगीत पाल आणखी काही दशके टिकली. १९१७ नंतर तीही दिसलेली नाही. आज तिचे उरलेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. रॉड्रिग्जवर तिची झाडे आहेत, ती नाही.

१८२५ हे साल

आता आपण आपल्या माणसांकडे येऊ. त्यासाठी १८२५ हे साल पकडा.

या साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले जॉन एडवर्ड ग्रे यांनी या पालींना फेल्सुमा हे नाव दिले, मुर्क व्हान फेल्सुम नावाच्या डच वैद्याच्या स्मरणार्थ. आणि याच साली लंडनमध्येच आणखी एक निर्णय झाला. मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली. तोवर मॉरिशसची साखर इंग्लंडात महाग पडत असे.

दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. पण पालीचे पुढचे शंभर वर्षांचे भविष्य पहिल्या निर्णयाने नव्हे, तर दुसऱ्या निर्णयाने ठरवले.

मॉरिशसला ऊस डचांनी १६३९ मध्ये आणला. डच १७१० मध्ये निघून गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. एवढ्या काळात डोडो पक्षी संपला होता, किनाऱ्याजवळचे आबनूस तुटले होते, तरी आतले जंगल पुष्कळ शिल्लक होते. जकात उतरली आणि चित्र पालटले. १८२५ मध्ये साखरेचे उत्पादन ११ हजार टनांच्या आसपास होते, पुढच्याच वर्षी २१ हजारांच्या आसपास गेले. १८५४ पर्यंत त्याने एक लाख टन ओलांडले. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरचा माणूस ऐकत असेल तर त्याला सांगायला नको. ऊस वाढला याचा अर्थ जमीन वाढली, जळण वाढले, गाड्या वाढल्या, आणि राबणारे हात वाढले. तिथे जमीन वाढवायची म्हणजे जंगल तोडायचे. आधण ठेवायचे तेही त्याच लाकडावर.

हात कुठून आणायचे? १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आधीच, १८३४ मध्ये, मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. तक्रारी वाढल्यावर मध्ये काही काळ ही भरती बंद झाली, १८४२ मध्ये परत सुरू झाली. जवळपास पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याला पूर्वी कुली घाट म्हणत, आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सगळ्यात जास्त माणसे कलकत्त्याहून गेली, त्याखालोखाल मद्रासहून, सगळ्यात कमी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसे मोठ्या संख्येने होती. तीच मॉरिशसच्या आजच्या मराठी समाजाची मुळे.

आता कठीण प्रश्न. जंगल कोणी तोडले? कुऱ्हाड कोणाच्या हातात होती असे विचाराल तर उत्तर सोपे आहे. ती मजुराच्या हातात होती, आणि त्या मजुरांत आपली माणसे होती. पण कुठले रान काढायचे, किती काढायचे, साखर कुठे विकायची, यातले काहीही त्याच्या हातात नव्हते. कामावर न येणाऱ्याची मजुरी दामदुपटीने कापली जात असे. मळा सोडून गावात दिसला तर भटक्या म्हणून पकडत. म्हणून मी म्हणतो, जंगलाचा हिशेब मांडताना कुऱ्हाड धरणाऱ्याचे नाव आधी लिहू नये आणि जकातीचा कागद मागे लपवू नये. आज मॉरिशसच्या मूळ जंगलापैकी चांगल्या स्थितीतला भाग दोन टक्क्यांहून कमी उरला आहे. जुन्या ढोलींची गरज असलेली गिंबोई पाल तेवढ्यातच जगते आहे.

नाव कोणाचे, क्रमांक कोणाचा

पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. रजिस्टरमध्ये नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. पुढे १८६० च्या दशकात फोटोही काढू लागले. ही रजिस्टरे आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसचे लोक तिथे जाऊन आपल्या पणजोबांचे गाव शोधतात. लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी नाव कानाला जसे लागले तसे त्याने रोमन अक्षरांत उतरवले. पुढच्या पिढीत बापाचे पहिले नाव मुलाचे आडनाव झाले. म्हणून तिथे भिवाजी हे आडनाव असते, आणि खरे आडनाव काय होते ते घरातही कोणाला सांगता येत नाही.

त्याच काळात पालींनाही नावे मिळत होती. रॉड्रिग्जच्या नामशेष झालेल्या रंगीत पालीला एडवर्ड न्यूटन यांचे नाव आहे. हे न्यूटन कोण? १८५९ मध्ये मॉरिशसला आलेले इंग्रज अधिकारी. १८६८ ते १८७७ या काळात ते तिथे कलोनियल सेक्रेटरी होते, म्हणजे सरकारी यंत्रणेतली फार वरची जागा. पक्ष्यांचे चांगले अभ्यासक होते, डोडोच्या नातेवाईक पक्ष्याच्या हाडांवर त्यांनी मोलाचे काम केले, ते नाकारायचे कारण नाही. राउंड बेटाच्या पालीला १८८५ मध्ये बूलांजे या शास्त्रज्ञाने ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट ग्युंथर यांचे नाव दिले. हिंदुस्थानच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर १८६४ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे तेच ग्युंथर.

म्हणजे एकाच कारभारात माणसाचा क्रमांक होत होता आणि पालीच्या अंगावर साहेबाचे नाव चढत होते. हे लांबचे वाटत असेल तर मी बसलोय तिथून थोडे चालत जा. करोल बागेतला बीडनपुरा. सोन्याच्या कामासाठी नावाजलेला भाग. हे नाव दिल्लीचे एके काळचे डेप्युटी कमिशनर बीडन यांचे. नवी दिल्ली बांधायची म्हणून माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार इथल्या वस्त्या उठवल्या, तिथल्या माणसांना या भागात आणून बसवले. उठवलेल्या माणसांची नावे पाटीवर नाहीत. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित आले. सांगली-साताऱ्याकडची आपली गलाईवाली मंडळी सोने-चांदी गाळायला या गल्ल्यांत आली, त्यांची तिसरी पिढी आज इथे गणपती बसवते. तीही पत्ता सांगताना बीडनपुराच म्हणते. नाव टिकते ते असे. ते कोणाचे होते हे विसरून जाते, पण ते ठेवण्याचा अधिकार कोणाकडे होता याची खूण राहते.

केवड्यातले शेजारी

मॉरिशसच्या मध्य पठारावर व्हाकोआस नावाचे गाव आहे. व्हाकोआ म्हणजे काय? तिथल्या भाषेत केवड्याच्या कुळातले झाड. आपण गौरी-गणपतीला ज्याचे पान आणि कणीस आणतो त्याचे हे भाऊबंद. लांब, काटेरी पाने, एकात एक घट्ट बसलेली. निळ्या शेपटीच्या सेपेडियानाला हे झाड फार प्रिय. पानांच्या बेचक्यात पाणी साठते, किडे मिळतात, आणि ससाण्यापासून लपायला जागा मिळते.

व्हाकोआसजवळच आँरियेता गाव आहे. मॉरिशसमधला पहिला सार्वजनिक गणपती १८९६ मध्ये इथल्या भिवाजी कुटुंबाने बसवला असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. तो काळही बघा. साखरेचे भाव पडल्यामुळे मळेवाले कडेच्या जमिनी तुकडे करून विकू लागले होते आणि करार संपलेली हिंदी कुटुंबे पै-पै साठवून ते तुकडे घेत होती. मळ्याच्या चाळीतून माणसे स्वतःच्या अंगणात आली. आपला देव बसवायला आपली जागा लागते, ती तेव्हा मिळाली. त्या अंगणातल्या केळीवर आणि केवड्यावर लेझार व्हेर, म्हणजे हिरवी पाल, होतीच. हे तिचे तिथल्या बोलीतले नाव. कुठल्याही अधिकाऱ्याचे नसलेले.

मघाशी मकरंद लक्षात ठेवा म्हणालो होतो. मॉरिशसच्या जंगलात ट्रोकेशिया नावाची फुलझाडे आहेत. त्यातल्या एका जातीचे फूल मॉरिशसचे राष्ट्रीय फूल आहे. तिथले लोक त्याला कानातले डूल म्हणतात. या फुलांचा मकरंद रंगीत असतो, जे जगात फार कमी ठिकाणी आढळते. डेनिस हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की फेल्सुमा साध्या पाण्यासारख्या मकरंदापेक्षा रंगीत मकरंदाकडे आधी जाते. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. ट्रोकेशियाचे जे झाड केवड्याच्या जाळीजवळ असते त्याला फळे जास्त धरतात, कारण केवड्यात पाली असतात आणि त्या जवळच्या फुलांवर जातात. केवडा तोडला की फुलाचे बी कमी होते. दोघांमधला दुवा ही पाल.

रुसिया नावाची एक वेल तर याहून अडचणीत आहे. जगात ती फक्त मॉरिशसला उगवते. तिचे परागीकरण आणि तिच्या बियांचा प्रसार ही दोन्ही कामे आज सेपेडियाना पालच करते. बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्या त्या वेलीच्या फुला-फळांवर ठाण मांडतात आणि पालीला हुसकून लावतात. मग वेलीला बी धरत नाही. एका बारक्या मुंगीमुळे एक अख्खी वनस्पती जाऊ शकते, ती अशी.

राउंड बेट : जिथे हिशेब फिरला

सगळीच गोष्ट संपण्याची नाही. मॉरिशसच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर राउंड बेट आहे, सुमारे दोन चौरस किलोमीटरचा उभा कातळ. तिथे उंदीर कधी पोचले नाहीत, म्हणून गुंथरी पाल तिथे वाचली. पण एकोणिसाव्या शतकात तिथे बकऱ्या आणि ससे सोडले गेले. त्यांनी ताडाची कोवळी रोपे खाल्ली, झाडे उरली नाहीत, माती पावसात समुद्रात गेली. बिळात राहणारा तिथला एक साप १९७५ नंतर दिसलेला नाही.

१९७६ मध्ये जेरल्ड ड्यूरेल तिथे गेले. त्यांनी काही पाली जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवल्या. १९७९ पर्यंत बकऱ्या काढल्या, १९८६ मध्ये ससे संपवले. नंतर ताड परत उगवले आणि पाली वाढल्या. २०१० मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या बेटावर गुंथरी पाली पुन्हा सोडण्यात आल्या.

हे सांगतानाच २०२० सांगावे लागते. २५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचे मालवाहू जहाज त्याच भागातल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. त्या भागातल्या बेटांवरचे काही दुर्मिळ सरडे आणि छोट्या पाली जपून ठेवण्यासाठी जर्सीला हलवाव्या लागल्या. काही शतकांपूर्वी जहाजातून उंदीर उतरले होते, या वेळी तेल उतरले.

आणि जहाजातून फेल्सुमाही उतरते. मादागास्करची मोठी हिरवी पाल, फेल्सुमा ग्रँडिस, लोकांनी पाळायला म्हणून मॉरिशसला आणली. ती सुटली, पसरली आणि आता तिथल्या लहान पालींना खाते. याचा आपल्याशीही संबंध आहे. रंगीत विदेशी प्राणी पाळण्याची हौस आपल्या शहरांत वाढते आहे. फेल्सुमाच्या सगळ्या जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार अशा यादीतला प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. मोबाइलवर हिरव्या पालीचा फोटो आणि किंमत दिसली, तर त्यामागे कुठले बेट आहे एवढे तरी विचारा.

आपली फेल्सुमा

फेल्सुमाची एक जाती भारतातही आहे, अंदमानात. फेल्सुमा अंदमानेन्सिस. बाकीच्या सगळ्या जाती महासागराच्या पश्चिम टोकाला आणि ही एकटी हजारो किलोमीटर पूर्वेला. पोर्ट ब्लेअरच्या बागांत, केळीवर, सुपारीवर, घराच्या भिंतीवर ती भर दुपारी दिसते.

१० मार्च १८५८ रोजी उठावातल्या कैद्यांची पहिली तुकडी घेऊन जहाज अंदमानला पोचले. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यांनी छापलेल्या वर्णनातून ही पाल शास्त्राला कळली. वसाहत झाली आणि तिथल्या जीवांचे नमुने कलकत्त्याच्या कपाटात येऊ लागले. कैद्याच्या गळ्यात बिल्ला, पालीच्या पायाला चिठ्ठी.

अंदमान म्हटले की मराठी मनात सेल्युलर जेल उभी राहते. बाबाराव आणि विनायकराव सावरकर, वामनराव जोशी, ही नावे आपल्याला पाठ असतात, असावीतही. पण तुरुंगाच्या आधी कैद्यांनी तिथे काय केले? जंगल साफ केले. रॉस, व्हायपर, चॅथम, मग पोर्ट ब्लेअरची टेकाडे. मॉरिशसला उसासाठी, इथे वसाहतीसाठी. आणि ज्यांचे ते जंगल होते त्या ग्रेट अंदमानी लोकांची संख्या पुढच्या काही दशकांत रोगांनी आणि चकमकींनी कोसळली. बेटाचा इतिहास फक्त तुरुंगाच्या भिंतीपासून सुरू केला तर ही पाने गळतात.

सह्याद्रीतली बेटे

शेवटचा मुद्दा. बेट व्हायला चारी बाजूंनी समुद्रच लागतो असे नाही. चारी बाजूंना उतार आणि वर सडा असला की लहान जीवासाठी ते बेटच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर २००८ मध्ये एक नवी पाल नोंदवली गेली, तिचे नाव हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस. २००९ मध्ये कोल्हापूरचे नाव घेतलेली निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. २०१४ मध्ये कास पठाराच्या परिसरातली निमास्पिस गिरी, सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाची. या वेळी नावे आपल्या गावांची आणि आपल्या माणसांची आहेत, हा फरक मोठा आहे. पण नाव मिळाले म्हणजे जीव वाचला असे नाही. गिगासला नाव मिळाले त्याच साली ती गेली.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, रस्ते आहेत. त्यांची गरज मी नाकारत नाही. एवढेच म्हणतो की तिथे निर्णय लंडनमधून येत नाहीत. जमीन आपली, ग्रामपंचायत आपली, कायदा आपला. मॉरिशसच्या मजुराला जो प्रश्न कोणी विचारलाच नाही, तो आज आपल्याला विचारला जातो : कडेचे हे रान काढायचे की ठेवायचे? त्याच्याकडे उत्तर द्यायचा अधिकार नव्हता. आपल्याकडे आहे.

पुढच्या भागात आप्रवासी घाटाच्या रजिस्टरांमधली कोकणातली गावे घेऊन येतो. तुमच्या घरात कोणी मॉरिशसला गेल्याची आठवण सांगत असेल, तर ती आधी लिहून ठेवा. भेटू. नमस्कार.